लिंकनला कोच पाहिजे

2022 सालच्या शेवटच्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याला दोन माणसं निवडायची होती, एक गव्हर्नर आणि एक फुटबॉल कोच. आमच्या ऑफिसात गव्हर्नरबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. कोचबद्दल मात्र सकाळच्या कॉफीबरोबर जे बोलणं सुरू व्हायचं, ते संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करूनही चालूच असायचं. शेवटी गव्हर्नर झाले जिम पिलेन. पशुवैद्यकाची पदवी, वराहपालनाचा मोठा धंदा. पण इथल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो सांगणार की 1978 साली ओक्लाहोमाविरुद्ध सामना संपत आलेला असताना बिली सिम्सच्या हातून निसटलेला चेंडू ज्यानं पकडला, तो हाच. म्हणजे ज्या निवडणुकीबद्दल कुणी बोलत नव्हतं, तिथेही फुटबॉलच निवडून आला.

फुटबॉल म्हणजे अर्थातच इथला. अंडाकृती चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं, तो. आणि तोही कॉलेजचा. या राज्यात व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा वरच्या दर्जाचा एकही संघ नाही. मका आहे, सोयाबीन आहे, गुरं आहेत, विमा कंपन्या आहेत आणि राजधानी लिंकनमधल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ, हस्कर्स, आहे. नोव्हेंबर 1962 पासून त्यांच्या मेमोरियल स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. ऐंशी हजारांहून जास्त माणसं लाल कपड्यांत येतात. त्या दिवशी लग्न ठरवणाऱ्या घराबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतात. आम्ही मराठी मंडळीसुद्धा गणपतीचा कार्यक्रम ठरवताना पंचांगाच्या आधी हस्कर्सचं वेळापत्रक उघडतो, कारण सामन्याच्या शनिवारी हॉल मिळाला तरी पार्किंग मिळत नाही.

अशा ठिकाणी कोचची खुर्ची रिकामी होणं ही सार्वजनिक घटना असते. निवड करतो विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे सगळ्या खेळांचा प्रमुख. सगळे त्याला नुसतं एडी म्हणतात. तो एखादी सर्च फर्म, म्हणजे माणसं शोधून देणारी कंपनी, नेमतो. ती फर्म उमेदवारांच्या एजंटांशी बोलते, म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर कोचला आणि एडीला दोघांनाही छातीठोकपणे सांगता येतं की आमचं एकमेकांशी काहीही बोलणं झालेलं नाही. एजंटांची यात चांदीच असते. आपल्या कोचचं नाव दुसऱ्या गावच्या यादीत आहे एवढी कुणकुण पसरली, की सध्याचं विद्यापीठ घाईघाईनं करार वाढवून देतं. त्यामुळे यादीतली निम्मी नावं नोकरीसाठी नसतातच, ती पगारवाढीसाठी असतात. आणि सामान्य भक्त काय करतात? विमानं बघतात. आमच्या विमा कंपनीच्या क्लेम्स विभागातला एक गंभीर, चष्मेवाला गृहस्थ लिंकनच्या विमानतळावर उतरणाऱ्या खाजगी विमानांचे नंबर स्क्रीनवर उघडून बसायचा. 'हे टेक्सासहून आलंय,' तो हळू आवाजात सांगायचा आणि आजूबाजूच्या चार खुर्च्या त्याच्याकडे सरकायच्या.

एवढा गाजावाजा करून जो माणूस आणला जातो तो कशासाठी निवडलेला असतो, हे मी इथे आल्यापासून बघते आहे. माझं मत असं झालंय की नवा कोच पुढच्या सामन्यांसाठी निवडला जातच नाही. तो मागच्या कोचचं उत्तर म्हणून निवडला जातो. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं हे ठीक आहे. इथे फुंकता फुंकता ताकच सांडतं.

सुरुवात जरा मागून करायला हवी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी बिल जेनिंग्ज नावाचा कोच होता. पाच वर्षांत 15 विजय आणि 34 पराभव. त्यानं एका भाषणात सांगून टाकलं होतं की राज्याचा अहंकार काही फुटबॉलच्या संघावर पोसता येणार नाही. बोलला ते शहाणपणाचं, पण हरणाऱ्या माणसाचं शहाणपण कोण ऐकून घेतो? 1962 मध्ये त्याच्या जागी वायोमिंगहून बॉब डेव्हेनी आला. वय 46, त्यातली चौदा वर्षं मिशिगनमधल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवण्यात गेलेली. आजच्या सर्च फर्मनं त्याचा कागद दुसऱ्यांदा वाचला नसता. त्यानं 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली, आणि जाताना आपल्या हाताखालच्या टॉम ऑसबर्नला खुर्चीवर बसवून गेला.

ऑसबर्न शिक्षण-मानसशास्त्राचा डॉक्टरेट. मैदानाच्या कडेला उभा राहिला तरी बँकेत रांगेत उभा असल्यासारखा शांत. पंचवीस वर्षं, 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. आज त्याच्या नावानं लोक हात जोडतात. पण हे आकडे शेवटचे आहेत. पहिली पाच वर्षं तो दरवर्षी ओक्लाहोमाकडून हरला, आणि इथे ओक्लाहोमाकडून हरणं म्हणजे बाकीचं सगळं जिंकलेलं वाया. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते 1994 मध्ये, बाविसाव्या हंगामात. 1984 च्या जानेवारीत ते मायामीत हातातोंडाशी आलं होतं. शेवटच्या मिनिटाला एक गुणाची सोपी किक घेऊन बरोबरी केली असती, तर विजेता ठरवणाऱ्या बहुतेक मतदारांनी त्यांनाच पहिला नंबर दिला असता. तो किकऐवजी थेट जिंकून देणाऱ्या दोन गुणांच्या डावासाठी गेला आणि 31-30 असा हरला. असा माणूस आज पाचव्या वर्षाच्या पलीकडे टिकला असता का, हा प्रश्न मी एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारला. टेबलावर अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी घरचं काढलं असावं.

स्टेडियमच्या भिंतीवर दगडात कोरलेलं एक वचन आहे. याच विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हार्टली बर अलेक्झांडर यांनी लिहिलेलं. विजय नव्हे तर कृती, ध्येय नव्हे तर खेळ, कर्मातच कीर्ती, अशा अर्थाचं. वाचताना आपल्याला काय आठवतं ते सांगायला नको. अक्षरं चांगली ठळक आहेत. त्यांच्याच खालून हजारो माणसं दर शनिवारी 'ह्याला काढा' म्हणत बाहेर पडतात.

2003 साल इथे अजून चिघळतं. ऑसबर्ननंतर फ्रँक सॉलिच आला होता. डेव्हेनीच्या संघात खेळलेला, ऑसबर्नच्या हाताखाली एकोणीस वर्षं घासलेला. सहा हंगामांत 58 विजय, 19 पराभव. 2001 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे मायामीनं धुतलं. पुढचं वर्ष 7-7, म्हणजे सात विजय आणि सात पराभव. त्यापुढचं 9-3. कोलोरॅडोला हरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी एडी स्टीव्ह पेडरसननं त्याला काढलं. या संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, असं कारण दिलं. पेडरसनच्या हातात तेव्हा दुसरं नाव तयार नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणजे काय, ते पुढचे चाळीस दिवस सगळ्या राज्यानं पाहिलं. अर्कन्सासच्या ह्यूस्टन नटला विचारणा झाली, तो जागचा हलला नाही. मधल्या काळात संघ सांभाळायला बचावाचा तरुण कोच बो पेलिनी होता, त्यानं अलामो बोल नावाचा हंगामाअखेरचा सामना जिंकून दिला. मैदानावर लोकांनी त्याच्या नावाचा घोष केला, तरी नोकरी त्याला मिळाली नाही. मिळाली बिल कॅलहनला, ज्यानं आदल्याच वर्षी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेलं होतं.

सॉलिच जुन्या वळणाचा आणि घरचा, म्हणून कॅलहन नव्या वळणाचा आणि बाहेरचा. इथवर हिशेब समजतो. पण सॉलिचबरोबर आणखी काय गेलं ते कुणी मोजलं नाही. शिष्यवृत्तीशिवाय, नुसत्या हौसेनं संघात येणारी शेतावरची पोरं, ज्यांना इथे वॉक-ऑन म्हणतात, ती या संघाचा कणा होती. तिसऱ्या वर्षापर्यंत धिप्पाड होऊन तीच पुढच्या फळीत उभी राहायची. कॅलहननं ती संख्या आखडली. चेंडू घेऊन धावायचा जुना खेळ मोडून व्यावसायिक संघांसारखा फेकायचा खेळ आणला. 2004 मध्ये 5-6. 1961 नंतर पहिल्यांदाच हरण्याचं पारडं जड झालं. 2007 मध्ये कॅन्ससनं 76 गुण ठोकले. कॅन्ससनं! त्याआधीच पेडरसनची गच्छंती झाली होती, कॅलहनही गेला. सॉलिचनं तोवर ओहायो विद्यापीठात बस्तान बसवलं होतं. तिथे त्यानं 115 सामने जिंकले, आपल्या कॉन्फरन्समधला, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातला, सगळ्यात जास्त विजयांचा कोच ठरला आणि 2024 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

कॅलहन थंड, म्हणून मग तोच पेलिनी, गरम डोक्याचा. 2008 ते 2013 दरवर्षी नऊ किंवा दहा विजय आणि दरवर्षी बरोबर चार पराभव. जणू कुठेतरी लिहूनच ठेवलेलं. एका सामन्यानंतर चाहत्यांना दिलेल्या शिव्यांची त्याची ध्वनिफीत दोन वर्षांनी बाहेर आली. 2014 च्या वसंतात तो चक्क मांजर उचलून धरून मैदानावर आला, कारण त्याच्या नावानं ट्विटरवर थट्टा करणारा कुणीतरी त्याला मांजरवाला करून बसला होता. तेवढ्यापुरता तो सगळ्यांना आवडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 9-3 वर त्याला काढलं. सॉलिचचा आकडाही हाच होता, हे त्या रात्री टीव्हीवर न बोलणारा एकही माणूस सापडला नसता.

गरम डोक्यानंतर अर्थातच जगातला सगळ्यात सज्जन माणूस. ओरेगन स्टेटचा माईक रायली, वय 61. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा मला आजवर भेटलेला नाही. 19 विजय, 19 पराभव. सज्जनपणाचा इतका काटेकोर हिशेब दुसरीकडे दिसणार नाही.

आणि मग आपला पोरगा. स्कॉट फ्रॉस्ट हा वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावचा. आई ऑलिंपिकमध्ये थाळीफेक करून आलेली, वडील याच संघात खेळलेले. स्वतः 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ 2015 मध्ये एकही सामना जिंकला नव्हता, तो यानं दोन वर्षांत 13-0 वर नेला. उमेदवार म्हणून कागदावर याच्यात खोट काढणं अशक्य होतं, आणि मला अजूनही वाटतं की 2017 च्या डिसेंबरात जो कुणी एडी असता त्यानं हेच केलं असतं. आमचे शेजारी, मक्याची शेती मुलाच्या हवाली करून गावात राहायला आलेले, त्या दिवशी अंगणात लाल दिव्यांच्या माळा लावत होते. नाताळ जवळ होता, पण माळा नाताळच्या नव्हत्या.

त्यानंतरची पाच वर्षं आठवायला नको वाटतात. एकूण 16-31. पण खरा आकडा वेगळाच आहे. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं सुटलेल्या सामन्यांत 5 विजय आणि 22 पराभव. 2021 मध्ये नऊ पराभव, नऊही एक आकडी फरकाचे. वाईट संघ दणकून हरतो. हा संघ दर आठवड्याला आशा लावून हरायचा. 2022 चा पहिला सामना डब्लिनला, आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध होता. तिसऱ्या सत्रात 28-17 अशी आघाडी. सगळं सुरळीत चालू असताना फ्रॉस्टनं आखूड किक मारून चेंडू आपणच परत पटकावायचा डाव टाकला. हा डाव मागे पडलेला, वेळ संपत आलेला संघ टाकतो. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती गेला, सामना 31-28 असा गेला. शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही तो बघत होतो. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी भिंतीवरचा पांढरा फळा पुसला, त्यावर बियाण्याचे दर होते, आणि एक ते दहा आकडे खाली खाली लिहून ठेवले. नावं अजून नव्हती.

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्ननं 45-42 असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट गेला. तीन आठवडे थांबले असते, 1 ऑक्टोबर उजाडला असता, तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढंही कुणाच्यानं थांबवेना. 75 लाख डॉलर तीन आठवड्यांच्या मनःशांतीसाठी! इतक्या पैशांत काय काय झालं असतं याचा हिशेब मी आमच्या विम्याच्या सवयीनं मनातल्या मनात केला आणि तिथेच ठेवला.

मग फळ्यावर नावं आली. पहिलं नाव अर्बन मायर. तीन राष्ट्रीय विजेतेपदं, पण आदल्याच वर्षी जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघातून, वाद ओढवून घेऊन, तेरा सामन्यांत हाकललेला. तो टीव्हीच्या कार्यक्रमासाठी लिंकनला आला तेव्हा गर्दीनं त्याच्याच नावाच्या घोषणा दिल्या. शेजारीण म्हणाली, 'जिंकेल तो, पण मग रविवारी चर्चमध्ये काय तोंड दाखवायचं?' त्या वाक्यानं ते नाव पुसलं गेलं.

दुसरं लान्स लायपोल्ड. माझ्या मते फळ्यावरचं सगळ्यात चांगलं नाव. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरसारख्या छोट्या कॉलेजात 109 विजय, 6 पराभव, सहा विजेतेपदं. मग बफेलो, मग कॅन्सस, जिथे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा वेळ काढणं. त्या वर्षी कॅन्ससनं पहिले पाचही सामने जिंकले. शिवाय तो याच राज्यातल्या ओमाहाच्या विद्यापीठात बरीच वर्षं सहायक होता. तिथला फुटबॉल 2011 मध्ये कायमचा बंद केला तो तिथल्या एडीनं, ट्रेव्ह अल्बर्ट्सनं. आणि 2022 मध्ये लिंकनला कोच निवडणारा एडी कोण, तर हाच ट्रेव्ह अल्बर्ट्स. यावर शेजारी नुसते हसले. नोव्हेंबरात लायपोल्डनं कॅन्ससशी करार वाढवला आणि प्रश्न मिटला. आयोवा स्टेटच्या मॅट कॅम्पबेलचं नाव दर वर्षी प्रत्येक यादीत असायचंच, पण त्याचा संघ नेमका त्याच हंगामात आपटला.

मिकी जोसेफचं नाव फळ्यावर चौथं होतं, ते पुसलं कधीच गेलं नाही, वरही कधी सरकलं नाही. इथलाच जुना क्वार्टरबॅक. फ्रॉस्टनंतर त्यानं उरलेला हंगाम सांभाळला. नेब्रास्काच्या फुटबॉलचा मुख्य कोच म्हणून उभा राहिलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. शेवटच्या सामन्यात त्यानं आयोवाला आयोवात हरवलं. पण पिकतं तिथे विकत नाही, आणि त्यातून घरचा पोरगा नुकताच विकत घेऊन पस्तावलेलं गिऱ्हाईक. मिकीचा हिशेब त्याच्या खेळावर झालाच नाही, तो स्कॉटच्या खात्यावर लागला.

नोकरी मॅट रूलला मिळाली. आठ वर्षांचा, 7 कोटी 40 लाख डॉलरचा करार. त्याचा कागद मजेशीर आहे. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी 2-10, तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलरला पहिल्या वर्षी 1-11, तिसऱ्या वर्षी 11-3. मग कॅरोलिनाच्या व्यावसायिक संघात 11-27 आणि हकालपट्टी. म्हणजे मोडकं घर बांधून देणारा गवंडी हवा होता, तो मिळाला. फ्रॉस्टच्या संघाचं घर मोडकंच होतं असं मात्र मला कधी वाटलं नाही. तो संघ प्रत्येक सामन्यात शेवटपर्यंत होता. त्याला कमी पडत होती ती शेवटची चार मिनिटं. पहिल्या वर्षी रूलचे 5-7 झाले, त्यातले बरेच सामने शेवटच्या क्षणी गेले. गॅरेजात कुणी काही म्हणालं नाही.

आपल्याकडे हे फार वेगळं चालतं असं नाही. 2016 मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या कोचसाठी 57 अर्ज आले. तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण यांच्या समितीनं कुंबळेला निवडलं. वर्षभरात त्याचं आणि कर्णधाराचं बिनसलं, मग कर्णधाराशी सूर जुळणारे रवी शास्त्री आले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा जे वाद झाले ते लाल टोप्या घातल्या असत्या तर गॅरेजातलेच वाटले असते. फरक एवढाच की आपल्याकडे विमानांचे नंबर कुणी बघत नाही.

कधी कुणी मला मुलाखतीच्या खोलीत बसवलं, बसवणार नाहीतच म्हणा, तर मी उमेदवाराला एकच प्रश्न विचारीन. आधीच्या कोचचं तू काय काय ठेवणार? बदलणार काय ते प्रत्येक जण घडाघडा सांगतो, त्याची तयारी एजंटच करून घेतो. कॅलहनला हे कुणी विचारलं असतं तर वॉक-ऑन पोरं वाचली असती. सर्च फर्म इतके पैसे घेऊन नेमकं काय तपासतात हे तरी कुठे कुणाला माहीत असतं. 2001 मध्ये नोत्र दाम विद्यापीठानं जॉर्ज ओलिअरीला नेमलं आणि पाच दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला, कारण त्याच्या माहितीपत्रकातली एमएची पदवी आणि कॉलेजातला खेळ दोन्ही खोटं निघालं. आणि अलाबामानं 2006 मध्ये नोकरी देऊ केली होती वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिगेझला. त्यानं नाही म्हटलं म्हणून ते निक सेबनकडे वळले. त्यानंही डिसेंबरात पत्रकारांसमोर आपण अलाबामाला जाणार नाही असं स्पष्ट सांगितलं आणि जानेवारीत तो तिथे हजर झाला. पुढे त्यानं तिथे सहा विजेतेपदं जिंकली. यात कुणाची हुशारी शोधायची?

ज्यानं रूलला निवडलं तो अल्बर्ट्स 2024 च्या मार्चमध्ये टेक्सास ए अँड एमला निघून गेला. रूल राहिला. दुसऱ्या वर्षी 7-6, न्यूयॉर्कला पिनस्ट्राइप बोलमध्ये बॉस्टन कॉलेजवर विजय. वर्षानुवर्षं बोल सामना न पाहिलेल्या गावाला तेवढंही खूप झालं.

मग 2025 च्या ऑक्टोबरात पेन स्टेटनं आपल्या जेम्स फ्रँकलिनला काढलं. रूल पेन स्टेटचाच विद्यार्थी, तिथेच वॉक-ऑन म्हणून खेळलेला. पहिल्याच दिवसापासून तिकडच्या यादीत त्याचं नाव. लिंकनची अशी वेळ बऱ्याच दिवसांनी आली होती. लोकांना दुसऱ्याचे कोच बघायची सवय, आता आपलाच कोच दुसरे कुणी बघत होते. क्लेम्सवाल्यानं पुन्हा स्क्रीन उघडली, पण या वेळी तो लिंकनहून उडणारी विमानं मोजत होता. माझा अंदाज होता की रूल जाणार नाही, पण पगार वाढणार. महिना संपायच्या आत त्याचा करार 2032 पर्यंत वाढवला गेला. शेजारी म्हणाले, 'ह्याला काढायचं म्हटलं तर आता किती द्यावे लागतील, तू विम्यात आहेस, सांग बघू.' मी आकडा सांगितला नाही. त्यांनी फळ्यावर पुन्हा बियाण्याचे दर लिहिले, कोपऱ्यात मात्र एक ते दहा आकडे तसेच राहू दिले.